अक्षांशरावांची खरेदी

पुण्या-मुंबईच्या प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपात एक अक्षांशराव असतात. चाळिशी ओलांडलेली, मोटरसायकल नवी, गुडघे अजून तक्रार न करणारे. त्यांना हातात मावणारं जीपीएस यंत्र घ्यायचं असतं. एकच घ्यायचं, पण ते ताम्हिणी घाटात गाडीच्या हँडलवर बसावं आणि तोरण्याहून राजगडाला चालत जाताना सॅकच्या पट्ट्यालाही अडकावं. ही इच्छा मनात आली तेव्हा गार्मिनचं पहिलं पिवळं ईट्रेक्स बाजारात होतं. त्याच्या पुढच्या कितीतरी पिढ्या येऊन गेल्या, रावांची खरेदी मात्र ‘बघतोय अजून’ या मुक्कामावरून हललेली नाही. ग्रुपातली पोरं त्यांना चेंगट म्हणतात. मला ते पटत नाही. चेंगट माणूस किंमत विचारून गप्प बसतो. राव प्रत्येक मॉडेलचं माहितीपत्रक तळटीपांसकट वाचतात. त्यांचा अभ्यास अस्सल आहे. अडचण अशी, की तो जितका वाढतो तितकी खरेदी लांबते, कारण गाडीवाल्याच्या गरजा आणि चालणाऱ्याच्या गरजा एकमेकींच्या सख्ख्या सवती आहेत.

रावांच्याच एक्सेल फाईलमध्ये याचा पुरावा सापडतो. गाडीवर नजर रस्त्यावरून क्षणभरच काढता येते, म्हणून पडदा मोठा हवा, भर उन्हात दिसायला हवा, हातमोज्यातल्या बोटाला दाद देणारा हवा आणि यंत्र वळण हेल्मेटातल्या कानात सांगणारं हवं. वीज गाडीची असल्यामुळे बॅटरीची चिंता नाही, वजनाची तर नाहीच. चालताना हे सगळं उलटं होतं. ईट्रेक्स २२एक्स घ्या: सेलसकट वजन दीडशे ग्रॅमच्या आत, दोन पेन्सिल सेलवर कंपनीच्या हिशेबाने २५ तास, आणि ओल्या बोटांनीही दबणारी बटणं. चालणाऱ्याला आणखी काय हवं? पण त्याचा पडदा २.२ इंची. हँडलवर तो पोस्टाच्या तिकिटाएवढा वाटतो, आणि खड्ड्यांतून सेलचा संपर्क क्षणभर सुटला की यंत्र ऐन फाट्यावर डोळे मिटू शकतं. दुसऱ्या टोकाला मोंटाना ७००: पाच इंची पडदा, गाडीवर राजा. वजन मात्र ४०० ग्रॅमच्या आसपास, आणि त्याची खास बॅटरी संपली तर पाचनईसारख्या पायथ्याच्या गावातल्या दुकानात मिळणार नाही. पेन्सिल सेल मिळतात, बिस्किटांच्या बरणीमागे असतात. मधली मॉडेलंही आहेतच. ती दोन्हीकडे थोडी थोडी गैरसोय करतात. फाईलमध्ये ‘गाडी’च्या रकान्यात जो चौकोन हिरवा, तो ‘पायी’च्या रकान्यात लाल. राव हे पाहतात आणि तोडगा म्हणून फाईलला आणखी एक रकाना जोडतात.

हा नवा रकाना बहुधा अचूकतेचा असतो. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंतची गफलत दहा-वीस मीटरांवर आली, हे राव लग्नाच्या पंगतीतही सांगतात, तेही जिलबी थांबवून. आता त्यांना तीन मीटर हवेत. जीपीएसच्या जोडीला रशियाचं ग्लोनास हवं, युरोपचं गॅलिलिओ हवं, देशाभिमान म्हणून आपलं नाविकही हवं. पण सह्याद्रीत माणूस चुकतो तो तीन मीटरांमुळे नाही. कारवीच्या रानात घाटवाट आणि ढोरवाट खांद्याला खांदा लावून निघतात. पहिली खिंडीत जाते, दुसरी पाण्यावर. त्या फाट्यावर उभं राहिलं की यंत्राचा बाण दोन्हींवर एकदमच असतो. नळीच्या वाटेसारख्या अरुंद नाळेत तर आकाशाची एक चिरी तेवढी दिसते, संदेश कड्यांवर आपटून येतात आणि दहावा उपग्रह मिळाला तरी बाण भिंतीत घुसतो. तिथे उपयोगी पडतो तो आधी कुणी चालून नोंदवलेला ट्रॅक आणि समोच्च रेषांचा नकाशा. हे दोन्ही स्वस्तातल्या २२एक्सवरही चढवता येतात. ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे तर फुकट मिळतात.

उंची मोजणाऱ्या दाबमापकाचंही तसंच. तो ३२एक्समध्ये आहे, २२एक्समध्ये नाही, आणि एवढ्या एका फरकावर रावांचा एक अख्खा हिवाळा जातो. आपल्याकडे निरभ्र दिवशीसुद्धा हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. फरक तीन-चार मिलिबारचा, आणि एक मिलिबार म्हणजे साधारण साडेआठ-नऊ मीटर. आपोआप जुळवणी बंद असेल तर राजगडावर पद्मावतीच्या देवळात पिठलं-भाकरी खाऊन आडवा झालेला माणूस चार वाजेपर्यंत जागच्या जागी पंचवीस-तीस मीटर चढतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. दाबमापक काहीही म्हणो, ती तेवढीच राहते.

यावर तरुण मंडळी म्हणणार, काका, फोन आहे ना! आक्षेप वजनदार आहे. फोनला जागा कळायला नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी उतरवून घेतला की झालं, आणि पडदा ईट्रेक्सच्या तिप्पट. पण राव इथे खोटे नाहीत. आषाढात पडद्यावर थेंब पडले की फोन त्यांनाच बोटं समजतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी मान टाकते. मोठ्या इंजिनांच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द अ‍ॅपलने २०२१ साली दिलेला आहे. तेव्हा डोंगरात फोनवर विसंबणं हा जुगार, हे मान्य. गाडीवर मात्र यातलं बरंचसं गळून पडतं. वीज गाडी देते, पावसात फोन पिशवीत राहिला तरी आवाज हेल्मेटात पोचतो, आणि कॅमेऱ्याची काळजी असेल तर खणात पडलेला जुना फोन लावावा. म्हणजे ‘दोन यंत्रांचा खर्च कशाला’ या रावांच्या आवडत्या हरकतीला उत्तर त्यांच्याच घरात पडून आहे. दुसरं यंत्र विकत घ्यायचंच नाहीये.

खरी हरकत वेगळी असावी, असा मला संशय आहे. रावांना असं यंत्र हवंय, की ज्यामुळे खिरेश्वरच्या गुराख्याला ‘दादा, तोलार खिंड कुठनं?’ असं विचारावं लागू नये. कोणतं यंत्र घ्यावं हे मात्र ते दुकानदारापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना विचारून झालेत. अलीकडे तर त्यांची नजर उपग्रहावरून निरोप पाठवणाऱ्या मॉडेलांवर गेली आहे, ज्यांच्या आकड्याला शेवटी ‘आय’ लागतो. अशी यंत्रं सरकारी परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे, आणि त्यापायी गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे अडकलेले आहेत. रावांनी परदेशातल्या भाच्याला सांगून ते मागवू नये.

बाकी निकाल सोपा आहे. चालायला बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं साधं यंत्र घ्यावं, हँडलवर जुना फोन बसवावा आणि ढोरवाटेवर गुराख्याला विचारावं. राव, पावसाळ्याआधी घेऊन टाका. आणि सेल वेगळे घ्या. ते यंत्राच्या खोक्यात येत नाहीत.