पंजोबांचा पुरावा

आमच्या घरात दोन गोष्टी पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. एक पैशाची चणचण आणि दुसरी पंजोबांनी बांधलेल्या वाड्याची गोष्ट. एरवी दोघी सवतींसारख्या नाही, बहिणींसारख्या नांदतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म घरात आला की मात्र त्यांचं जुंपतं.

पहिल्यांदा जुंपलं ते बाबांच्या वेळी. बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या पोरांना फी माफ, ही ‘ईबीसी’ची सवलत यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीतली. अर्ध्या महाराष्ट्राचं शिक्षण त्या तीन अक्षरांवर झालं. बाबांचंही झालं असतं. पण तलाठ्यानं आजोबांना, म्हणजे आबाजींना, उत्पन्न विचारलं ते भर पारावर, चार माणसं तंबाखू मळत बसलेली असताना. चार माणसांत उत्पन्न कमी कसं सांगायचं? त्यातून एक जण व्याही. आबाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “लिहा, चार हजार.” बाबांनी पूर्ण फी भरली. ती फी भरायला आबाजींनी त्याच व्याह्याकडून उसने पैसे आणले.

यंदा माझ्या मुलीचा नंबर अमरावतीला लागला आणि फॉर्म पुन्हा घरात आला. मी शहाणा झालो होतो. तलाठी यायच्या दिवशी आजीला आत्याकडे पाठवायचं ठरवलं होतं. पण आता तलाठी येत नाही, सेतू केंद्रात आपणच जायचं असतं. आणि आजीनं चष्मा लावून विचारलंच, “कोन्ता दाखला आनतं?”

“नॉन-क्रीमी लेयर.”

“म्हंजे?”

म्हटलं, क्रीम म्हणजे साय. आपल्या दुधावर साय नाही, असा सरकारी कागद.

“साय नाई म्हन्ता? माह्या लग्नात या दारात दोन म्हशी बांधल्या होत्या! सायीचा आनाचा सोडून बिनसायीचा दाखला कायले आनतं बापा?”

आठ लाखांची मर्यादा तिला सांगितली तेव्हा ती गप्प झाली. बाराशेची मर्यादा आठ लाखांवर पोचली, आणि आमचं घराणं एकदाही मर्यादा न ओलांडता तिच्या मागोमाग चालत राहिलं. सातत्य म्हणतात ते हेच असावं.

गरिबी सिद्ध करणं सोपं, एका दाखल्यात होतं. अवघड असतं ते घराणं सिद्ध करणं. जातीच्या दाखल्याला आणि पुढं पडताळणीला आमच्या ओबीसी प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१. ज्याच्याकडे घर नाही, शेत नाही, ज्याचा बाप गावोगाव फिरला, त्यानं जुना कागद जपून ठेवलेला असावा, अशी ही अपेक्षा. ती ज्यानं ठेवली त्याच्या घरी नक्की माळ्यावर पत्र्याची पेटी असणार.

आमच्याकडे पेटी नव्हती. मग शोध सुरू झाला. आमचं दिग्रस आज तालुका आहे, पण इंग्रजांच्या वेळी दारव्हा तालुक्यातलं गाव. जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्या नावाचा, मग यवतमाळ. राज्य आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, १९५६ साली मुंबई, १९६० साली महाराष्ट्र. आमचं घर धावंडा नदीपासून दोन शेतं सोडून हललं नाही. राज्यंच आमच्या दारावरून गेली, आणि जाताना प्रत्येकानं नाव वेगळं लिहून नेलं. पंजोबा एका कागदावर सखाराम, एकावर सकाराम, एकावर नुसते सखा. कचेरीत मला विचारलं, हे तिघे भाऊ का? मी म्हटलं, एकच. त्यांनी प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं. स्वतःचा पंजोबा एकच होता, हे मी शपथेवर लिहून दिलं आहे.

कोतवाल बुकाची नक्कल मिळाली तेव्हा घरात पेढे वाटायचे बाकी होते. त्यात लिहिलं होतं, सखा यास मुलगा झाला. मुलाचं नाव नाही. कोतवालाला मुलगा झाल्याशी मतलब, नाव ठेवणाऱ्यांनी ठेवावं. आता तो मुलगा म्हणजे आमचे आबाजीच, हे सिद्ध करायचं, तर शाळेत आबाजींची जन्मतारीख १ जुलै. अख्ख्या वर्गाची १ जुलै. मास्तरांनी एका दिवसात चाळीस बाळंतपणं उरकली होती.

शेवटी वंशावळ करायला बसलो. सगळी नावं आजीनं सांगितली. कोण कुणाचा, कोण दत्तक गेला, कोण पटकीत गेला, सासूकडून ऐकलेलं सगळं तिला पाठ. मी भराभर रेषा ओढत होतो. कागद पुरा झाल्यावर तिनं तो उलटासुलटा करून बघितला.

“माह्यं नाव कुठी हाय?”

वंशावळीत फक्त बापाकडची माणसं लागतात, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “हाव. साय नाई अन् गायबी नाई.” मी पेन्सिलीनं कोपऱ्यात तिचं नाव लिहिलं. अपलोड करताना स्कॅनरला ते दिसलं नाही.

मग एक दिवस शाळेतून आबाजींच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आला. तारीख १९६७ च्या कितीतरी आधीची, नाव बरोबर, जात बरोबर. मुलगी उड्या मारत वाचत होती आणि मधेच थांबली. पालकाचा धंदा या रकान्यात लिहिलं होतं, मजुरी.

घरात शांतता. तीन पिढ्या ऐकलेला वाडा त्या तीन अक्षरांखाली गेला होता. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. मीच आजीला हळूच विचारलं, “आजी, आबाजी तर म्हणायचे, सखारामबुवांनी वाडा बांधला.”

“बांधलाच न,” आजी लसूण सोलत म्हणाली. “मालक दुसराच होता. सा महिने रोजानं होते त्याच्यावर. माही सासू गारा देत होती.”