स्टुटगार्टमध्ये संसार थाटण्याची शास्त्रोक्त पद्धत

चाकणच्या कारखान्यातून झिंडेलफिंगनच्या कारखान्यात बदली झाली, की माणूस जर्मनचा क्लास लावतो, थर्मल खरेदी करतो आणि बॅगेत कुकर कुठे बसेल या चिंतेत पडतो. या सगळ्या गोष्टी गौण आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे असली, तरी सख्ख्या बहिणींच्या सासरच्या रीती वेगळ्या असतात, हे कोणीही सांगेल. स्टुटगार्टमधला मराठी संसार नवरा चालवत नाही, बायको चालवत नाही आणि कंपनीचे एचआर तर मुळीच चालवत नाही. तो तळमजल्यावरच्या आजी चालवतात.

जवळजवळ प्रत्येक इमारतीत अशा एक आजी असतात. वय सत्तरीपुढे, केस बारीक कापलेले, अंगात बिनबाह्यांचे जाकीट, आणि खिडकीशी अशी खुर्ची की कचऱ्याचे डबे आणि मुख्य दार दोन्ही नजरेत राहावे. त्यांना आजी म्हणावे ते मनातल्या मनात. समोर आडनावापुढे 'फ्राउ' लावावे, आणि जिन्यात भेट झाली की 'ग्र्यूस गॉट' आपण आधी म्हणावे. पुढील सर्व मार्गदर्शन त्यांची मर्जी संपादन करण्यासाठी आहे.

१. जागा

जाहिरातीत 'तीन त्सिमर' असे दिसले तर तो आपला टू बीएचके समजावा. खोल्या मोजताना हॉल धरतात, स्वयंपाकघर धरत नाहीत. पुष्कळदा धरण्यासारखे तिथे काही नसतेच. आधीच्या भाडेकरूने ओटा, सिंक, शेगडी आणि कपाटे स्क्रू काढून नव्या घरी नेलेली असतात. मागे राहतात भिंतीतून डोकावणारे पाण्याचे पाइप आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी. घरोघरी मातीच्या चुली ही आपली म्हण इथे लागू पडत नाही. इथे घरात चूलच नसते. ती विकत आणावी लागते किंवा आधीच्या भाडेकरूकडून घासाघीस करून ठेवून घ्यावी लागते. घासाघीस दहा टक्क्यांपर्यंत सभ्य मानतात. लक्ष्मी रोडची सवय तिथे काढू नये.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढे असते, हा कायदा आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात नाव नोंदवावे. नोंद झाली की काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे पत्र येते. दर घरामागे महिना १८.३६ युरो. "आमच्याकडे टीव्ही नाही" असे बाणेदार उत्तर सुचेल, पण वर्गणी घरावर असते, टीव्हीवर नसते. मुकाट्याने भरावी.

फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पोस्टमन घंटीवरचे आणि पेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो. बायकोने माहेरचे आडनाव ठेवले असेल तर दोन्ही लावावीत. पट्टी दोन इंची आणि आडनावे चिपळूणकर व सहस्रबुद्धे असतील, तर अक्षर बारीक करावे. पट्टी मोठी करू नये. सगळ्या पट्ट्या एका मापाच्या असतात आणि त्या तशाच राहाव्यात, यावर कोणाचे लक्ष असते ते वर आलेच आहे.

२. फोडणी

धूर झाला की किंचाळणारे यंत्र या प्रांतातल्या जुन्या घरांतही २०१४ अखेरपासून सक्तीचे आहे. ते झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये असावे लागते, स्वयंपाकघरात नाही. हे वाचून हुरळून जाऊ नये. मिरचीचा खाट स्वयंपाकघरात थांबत नाही, तो पॅसेजमध्येच जातो. म्हणून फोडणीचा क्रम असा:

स्वयंपाकघराचे दार लावावे. चिमणी पूर्ण वेगावर ठेवावी. खिडकी सताड उघडावी. मग तेल, मग मोहरी, मग हिंग. सुकी मिरची टाकण्यापूर्वी घरातल्या एका जबाबदार व्यक्तीला टॉवेल घेऊन पॅसेजमध्ये यंत्राखाली उभे करावे. ही व्यक्ती शक्यतो उंच असावी. यंत्र बोललेच तर टॉवेलने वारा घालावा. यंत्र काढून ड्रॉवरमध्ये ठेवू नये. ठेवलेले असते ते तपासणीला येणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळते.

शेगडी सपाट काचेची असते, म्हणून मध्ये खोलगट झालेला तवा आईकडेच ठेवावा. फुलका विस्तवावर फुगवण्याचा नाद सोडावा आणि तव्यावरच फडक्याने दाबून फुगवण्याची कला शिकावी. रव्यासाठी 'ग्रीस' मागावे, मसुरीच्या डाळीसाठी 'रोटे लिन्झन'. पिठाच्या पुड्यावर आकडा असतो. ४०५ म्हणजे मैदा, त्याच्या पोळ्या दुपारपर्यंत चामड्यासारख्या होतात. १०५० घ्यावे, किंवा सरळ भारतीय दुकानातून आट्याचे पोते आणावे.

एका बाबतीत मात्र हा देश आपल्या पुढे आहे. फडक्यात दही बांधून नळाला टांगायची इथे गरज नाही. 'क्वार्क' नावाचा चक्का कोणत्याही दुकानात डब्यात तयार मिळतो. डब्यावर 'मागर' लिहिलेला बिनसायीचा डबा डाएटवाल्यांसाठी ठेवावा आणि ४० टक्के लिहिलेला उचलावा. साखर, वेलची, केशर घातले की श्रीखंड अर्ध्या तासात होते. पहिली वाटी कोणाकडे न्यायची हे सांगायला नको. चव घेऊन त्या "इंटरेसांट" म्हणतील. त्यावरून निष्कर्ष काढू नये. वाटी धुऊन परत आली तर आवडले असे समजावे. वाटीत काही घालून आली तर संसार मार्गी लागला.

३. हवा

बाहेर उणे पाच असले तरी दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडाव्यात. खिडकी नुसती वरून तिरपी करून दिवसभर ठेवणे हा पळपुटेपणा समजला जातो, कारण त्याने भिंत गार पडते आणि हवा बदलत नाही. आपल्याकडे थंडीची हवा लागू नये म्हणून खिडक्या लावतात, इथे भिंतीला बुरशी लागू नये म्हणून उघडतात. बुरशी आलीच तर घरमालकाचा पहिला प्रश्न "हवा खेळवता का?" हाच असतो. या काळात घरातल्यांनी स्वेटर घालावा आणि तक्रार करू नये.

४. निर्माल्य

कचरा वेगळा करणे पुण्यातल्या माणसाला नवे नाही. ओला आणि सुका इथपर्यंत त्याची तयारी असते. खरी परीक्षा गणपतीनंतर येते. फुले, पाने आणि दूर्वा जैविक कचऱ्याच्या तपकिरी डब्यात. हाराचा नायलॉनचा दोरा मात्र ओढून काढावा आणि उरल्यासुरल्याच्या डब्यात टाकावा. उदबत्तीचे खोके कागदात, त्याच्या आतले प्लास्टिक वेष्टनांच्या पिवळ्या पिशवीत. तुपाची रिकामी बरणी काचेच्या पिंपात, तेही रंगानुसार: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली असली तर ती हिरव्यात, हे लहान मुलांनाही पाठ असते. पिंप रस्त्यात उघड्यावर असले तरी रविवारी त्यात काच टाकायची नाही, कारण आवाज होतो.

पेयाच्या रिकाम्या बाटल्या कचऱ्यात टाकणे हा उधळेपणा आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे आणि डब्यामागे २५ सेंट अनामत असते, परत भरल्या जाणाऱ्या पाण्याच्या बाटलीमागे साधारण १५, बियरच्या काचेच्या बाटलीमागे बहुधा ८. दुकानातल्या यंत्रात बाटली घालावी आणि चिठ्ठी घ्यावी. बियरच्या बाटल्या सासरे यायच्या आत यंत्रात घालाव्यात.

५. रविवार

रविवारच्या विश्रांतीचे रक्षण राज्यघटनेनेच केले आहे. दुकाने बंद. ड्रिल मशीन बंद. कोथिंबीर शनिवारीच आणावी. आपल्या मिक्सरला इथली वीज चालते, फक्त प्लगला अडॅप्टर लागतो. पण साडेसातशे वॉटमध्ये डोशाचे पीठ वाटायला रविवारची सकाळ निवडणे म्हणजे थेट राज्यघटनेशी वाकडे. कुकरचेही तसेच. जर्मन कुकर शिट्टी देत नाही, त्यामुळे तिसऱ्या शिट्टीला शेजारच्यांना काहीतरी फुटणार असे वाटते. त्यांना एकदा घरी बोलावून कुकर दाखवावा. प्रात्यक्षिकाला वरणभात पुरतो.

६. जिना

हा या मार्गदर्शनाचा गाभा आहे. कोलंबस ज्या १४९२ साली समुद्रावर निघाला, त्याच साली वुर्टेम्बेर्गच्या काउंट एबरहार्टने स्टुटगार्टसाठी फर्मान काढले की शहर स्वच्छ राहावे म्हणून प्रत्येकाने आपापली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. अमेरिकेचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. एबरहार्टची परंपरा 'केअरवोखे', म्हणजे झाडलोटीची आठवड्याची पाळी, या नावाने अजून चालू आहे. फील्डमार्शल रोमेलचे चिरंजीव मानफ्रेड रोमेल महापौर असताना १९८८ मध्ये शहराने सक्ती सैल केली. पण भाडेकरारात आणि आजींच्या मनात ती शाबूत आहे.

आपली पाळी आली की दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकलेली दिसते. पाटी आठवडाभर राहते. लहान पाळीत आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना येतो. मोठ्या पाळीत मुख्य दार, अंगण, तळघराच्या पायऱ्या आणि समोरचा फुटपाथ येतो. हिवाळ्यात बर्फही येतो. कामाच्या दिवशी तो सकाळी सातच्या आत काढलेला असावा, कोणी घसरून पडला तर प्रश्न "पाळी कोणाची होती?" असा विचारतात.

कृती: आधी वरून खाली झाडावे, मग ओल्या फडक्याने पुसावे. पायरी पुसताना कोपरा आधी, मध्य नंतर. कठडा वरून पुसतात सगळेच. तो खालूनही पुसावा, कारण आजी बोट खालून फिरवतात. पायपुसणी कठड्यावर उभी करून ठेवावी, म्हणजे काम चालू असल्याचे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळते. वेळ शनिवारी सकाळी दहाची घ्यावी. बादलीचा थोडा आवाज होऊ द्यावा. रात्री अकराला गुपचूप लख्ख केलेला जिना हिशोबात धरला जाण्याची खात्री नाही. पुण्य दिसले पाहिजे, या बाबतीत इथल्या श्वाबन लोकांचे आणि आपल्या सोसायट्यांचे एकमत आहे.

काम झाल्यावर पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावावी. या क्षणी जो आनंद होतो त्याला तोड नाही, पण चेहरा गंभीर ठेवावा.

दाराबाहेर चपलांचा ढीग ठेवू नये. जिना ही आगीच्या वेळी पळायची वाट आहे. दिवाळीची रांगोळी उंबऱ्याच्या आत काढावी. बाहेर काढायची हौस असली तर पाळी आपली असलेल्या आठवड्यातच काढावी.

७. पोशाख

इथे हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात, असे मानतात. त्यामुळे पोरांना पावसात घरी बसवून ठेवायची सोय नाही. बालवाडीत मेणकापडी चिखलविजार, गमबूट आणि बदलाचा जोड द्यावाच लागतो आणि पोर संध्याकाळी चिखलाने माखून परतते. बाईंकडे तक्रार करू नये. माखून आले म्हणजे दिवस चांगला गेला.

मोठ्यांनी थर चढवावेत. दिवाळीच्या कार्यक्रमाला पैठणी नेसायची तर आत थर्मल, पायात बर्फाचे बूट आणि वर गुडघ्यापर्यंतचे फुगीर जाकीट. काठपदर झाकला जातो याचे दुःख करू नये. पदर हॉलमध्ये पोहोचल्यावर काढावा. पैंजण बुटाच्या आत जातात, ते बाहेर काढायला वेळ ठेवून निघावे. नथ ट्रेनमध्ये घालू नये, मफलरमध्ये अडकते.

८. आई-बाबा

व्हिजिटर व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बाबांना पहिल्या आठवड्यात बाटल्यांचे यंत्र दाखवावे. त्यांचा वेळ चांगला जातो आणि बागेत फिरून येताना ते इतरांच्याही बाटल्या घेऊन येऊ लागतात. इथे त्यांना प्रेमाने थांबवावे.

आईला जिन्याची पाळी समजावून सांगावी लागत नाही. ती पहिल्याच शनिवारी फडके घेऊन बसते, कोपऱ्यातली घाण पिनेने काढते आणि "कालच्यांनी नुसता हात फिरवलाय" असे मराठीत म्हणते. तळमजल्यावर ते जर्मनशिवाय समजते.

९. चावी

एवढे सगळे कशासाठी, असे तरुण जोडपी विचारतात. उत्तर पार्सलात आहे. आपण ऑफिसात असताना आलेले पार्सल शेजारी घेतात आणि पेटीत चिठ्ठी पडते. ज्याचा जिना स्वच्छ, त्याचे पार्सल तळमजल्यावर सुखरूप. ज्याचा नाही, त्याने शनिवारी पोस्टात रांग लावावी. कोणी फटकळ शब्द बोलत नाही. हिशोब आपोआप होतो.

पार्सलानंतरची पायरी चावीची. इथल्या दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते. कचरा टाकायला सपातांवर खाली गेलात आणि वाऱ्याने दार लागले, की आत वरण आणि बाहेर तुम्ही. रविवारी कुलूपवाला बोलावला तर तो येतो, पण बिल पाहून मराठी माणसाच्या तोंडून जे निघते ते मुलांसमोर निघू नये. म्हणून दुसरी चावी तळमजल्यावर ठेवावी. ती पहिल्या महिन्यात नेऊन देऊ नये, आगाऊपणा दिसतो. त्या स्वतःहून "सुट्टीत झाडांना पाणी कोण घालणार?" असे विचारेपर्यंत थांबावे.

देताना नुसती चावी देऊ नये. सोबत टाइप केलेला कागद द्यावा, कलमे क्रमाने घातलेला: तुळशीला दर दिवसाआड अर्धा पेला, देवघराजवळ सपाता काढून जावे, फ्रीजमधल्या लोणच्याला ओला चमचा लावू नये, खिडक्या पाच मिनिटे पूर्ण उघडून बंद कराव्यात. त्या चष्मा लावतील, कागद शेवटपर्यंत वाचतील आणि दुसऱ्या कलमावर एक शंका विचारतील. शंकेचे सविस्तर निरसन करावे. मग विमान पकडायला निश्चिंत मनाने निघावे.