जोहरींची खिडकी

बढती मला मिळाली असं म्हणण्यापेक्षा ती माझ्या अंगावर पडली म्हणणं जास्त खरं. यादीत माझ्या वर दोघं होते. एकाच्या मुलीची बारावी होती, दुसऱ्याच्या आईचे गुडघे होते, आणि बदलीच्या धास्तीनं बढती नाकारणं ही बँकेतली जुनी, प्रतिष्ठित परंपरा असल्यामुळे दोघांनीही ‘नको’ असं लिहून दिलं. मीही देणार होतो, पण अर्जाचा नमुना कुणाकडे मिळतो याची चौकशी करण्यात मुदत टळून गेली. अशा रीतीनं वयाच्या ५२व्या वर्षी मी वाईच्या शाखेचा मॅनेजर झालो.

झालो तो झालो, वर मला नेतृत्वविकासाच्या शिबिराला तीन दिवस लोणावळ्याला पाठवलं. शिकवायला माझ्या भाच्याच्या वयाचा एक मुलगा होता. कानाला माइक लावून तो इतका फिरायचा, की त्याच्याकडे बघताना मान दुखायची. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, ‘‘जुन्या स्वतःला इथंच लोणावळ्यात सोडून जा. परवा परत जाईल तो नवा माणूस!’’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण खोली बारा वाजता रिकामी करायची होती, तेव्हा हा जुना माणूस पुढे राहणार कुठं, हा विचार काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं ‘जोहरी विंडो’ शिकवली. मी वहीत ‘जोहरीशेठची खिडकी’ असं लिहून घेतलं. मला वाटलं, जव्हेरी बाजारातले कुणी अनुभवी गृहस्थ असतील, गिऱ्हाईक पारखता पारखता त्यांना माणूसही पारखता यायला लागला असेल. नंतर कळलं, की जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम अशा दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली ही खिडकी काढली आणि ‘जो’ आणि ‘हॅरी’ जोडून तिचं नाव ठेवलं. सराफीशी त्यांचा काही संबंध नाही. तोपर्यंत मी शेजारी बसलेल्या लातूरच्या मॅनेजरना शेठजींबद्दल बरीच माहिती देऊन बसलो होतो.

खिडकी मात्र झकास आहे. ५६ विशेषणांची एक यादी असते. त्यातली पाच-सहा आपण स्वतःसाठी निवडायची आणि आपल्याबरोबर काम करणाऱ्यांनी आपल्यासाठी निवडायची. दोघांनीही निवडलेलं पहिल्या चौकटीत. ते सर्वांना ठाऊक. फक्त इतरांना दिसलेलं दुसरीत. तिथं आपण आंधळे. फक्त आपल्याला दिसलेलं तिसरीत. ते आपलं गुपित. कुणालाच न दिसलेलं चौथीत. पहिली चौकट मोठी होत गेली की माणूस वाढतोय असं समजायचं. शाखेत जाऊन हा प्रयोग करायचा, असा गृहपाठ मिळाला.

रविवारी साताऱ्याच्या घरी मी यादीचं मराठी करायला बसलो. धाडसी, शांत, कार्यक्षम, दयाळू, धास्तावलेला इथपर्यंत बरं चाललं होतं. इंग्रजी ‘सिली’ या शब्दाशी गाडी अडली. बालिश? वेडगळ? ही समोर गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘बावळट.’’ मी लिहून घेतलं. ती शब्द सुचवत होती की मला हाक मारत होती, हे मी विचारलं नाही.

सोमवारी सहा जणांना याद्या वाटल्या. स्वतःच्या कागदावर मी धाडसी, शांत, हुशार, कार्यक्षम आणि जुळवून घेणारा या पाचांवर खुणा केल्या. संध्याकाळी केबिनचं दार लावून मोजणी केली. माझ्या पाचांपैकी एकालाही कुणाचं मत पडलं नव्हतं. म्हणजे शास्त्राप्रमाणे हे पाचही गुण माझ्यात असून मी ते इतक्या कसोशीनं लपवले होते, की एवढ्या दिवसांत सहा जणांना पत्ता लागला नव्हता. ‘दयाळू’ला चार मतं होती, ‘धास्तावलेला’ला पाच. आणि एक विशेषण सहाच्या सहा मतांनी एकमतानं निवडून आलं होतं. ते कुठलं, हे तुम्ही ओळखलं असेल. मला नव्हतं ओळखता आलं. म्हणून तर ते दुसऱ्या चौकटीत होतं.

त्याच रात्री मी आमूलाग्र बदलायचं ठरवलं.

सुरुवात पहाटे पाचपासून केली. रॉबिन शर्मा यांचं ‘द फाइव्ह एएम क्लब’ हे २०१८चं पुस्तक त्या मुलानं शिबिरात इतक्या वेळा दाखवलं होतं, की न वाचताच ते मला पटलं होतं. पाचला गजर झाला तेव्हा ही उठली, शेजारचे काका उठले, खालच्या मजल्यावरचं कुत्रं उठलं. मी साडेपाचला उठलो. तरी पहाटेची पाचगणीची एस.टी. धरली. सर्वांच्या आधी शाखेत पोचायचं, खिडकीशी बसून दिवसाची आखणी करायची. खिडकीशी बसलो एवढं आठवतं. नंतर कंडक्टरनं हलवलं तेव्हा गार वारा सुटला होता, कानाला दडे बसले होते आणि पसरणीचा अख्खा घाट चढून मी पाचगणीत आलो होतो. नेत्यानं उंचीवरून पाहायला शिकावं, असं लोणावळ्याच्या वहीत होतं. उंची साधारण १,३०० मीटर होती. वाई खाली फार सुंदर दिसत होती.

मग पोशाख. पांढऱ्या-करड्या शर्टांची मला २३ वर्षांची सवय, पण ‘गडद निळा रंग विश्वास निर्माण करतो’ हे ऐकल्यापासून चैन पडेना. दोन निळे शर्ट शिवून घेतले. जोडीला खोलीत बसून न राहता माणसांत फिरायचं असंही ठरवलं होतं. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत साहेब लोक असे हिंडायचे म्हणे, आणि पीटर्स व वॉटरमन यांच्या १९८२च्या पुस्तकानं ती चाल जगभर पोचवली. हिंडताना त्यांनी घातलं काय होतं, ते मात्र मी तपासलं नाही. आमच्या दारावरच्या वॉचमनचा गणवेश नेमका तसाच निळा. मी कॅश काउंटरजवळ पाठीमागे हात बांधून, विश्वास निर्माण करत उभा होतो, तोच एक आजी आल्या, पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘बाबा, जरा ध्यान ठेव रं, मी सही करून येते.’’ आता ‘आजी, मी मॅनेजर’ असं म्हणावं, तर पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती आणि बाई केव्हाच रांगेत शिरल्या होत्या. पंचवीस मिनिटं मी तिथून हाललो नाही. जाताना त्यांनी मला दोन पेरू दिले. मॅनेजर म्हणून केलेल्या कामाचं मला मिळालेलं ते पहिलं बक्षीस.

मधे ‘नेत्यानं शेवटी बोलावं, आधी ऐकावं’ हेही करून पाहिलं. सकाळच्या मीटिंगला मी गालावर हात ठेवून पंधरा मिनिटं गप्प बसलो, तर शिपाईमामा दबक्या आवाजात ‘‘दाढ का, साहेब?’’ असं विचारून कुठूनशी लवंग घेऊन आले. सगळ्यांच्या समोर ती चावावी लागली. नंतर जीभ इतकी बधिर झाली, की शेवटी बोलायचं तेही राहिलं.

आणि मग ती बॅग.

बॅग म्हणजे माझी १९ वर्षांची रेक्झिनची, चेन तुटलेली, डब्याच्या तेलाचे नकाशे असलेली बॅग. नव्या माणसाला ती शोभेना, म्हणून मी पाठीवरची काळी सॅक घेतली आणि एका संध्याकाळी डबा, छत्री, चष्मा, बीपीची गोळी असं सगळं निगुतीनं एकीतून दुसरीत हलवलं. बाजूचा कप्पा सोडून सगळं.

तुम्हाला ठाऊक असेल, की बँकेची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे; दोन्ही एकदम लागल्या तरच दार सरकतं. दुसरा जोड असतो, पण दुसऱ्या शाखेत, आणि तो मागवायचा तर कागदपत्रांचं लग्नच लावावं लागतं. महिन्याची पहिली तारीख होती. बाहेर पेन्शनर मंडळी पासबुकाच्या प्लॅस्टिकनं वारा घेत पायरीपर्यंत बसली होती. हेड कॅशियरबाई आपली किल्ली घेऊन तिजोरीपाशी उभ्या. मी सॅकच्या अकरा कप्प्यांत अकरा वेळा हात घातला. सॅकला इतके कप्पे का ठेवतात, कळत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात मला दुसरी चौकट स्पष्ट दिसली.

घरी फोन लागेना. एस.टी.नं सगळे थांबे घेत साताऱ्याला पोचलो, रिक्षा केली आणि फाटकातून आत शिरतो तो काय, दारात बोहारीण बसलेली! समोर चकचकीत पातेलं, आणि पातेल्याच्या मोबदल्यात माझे चार पांढरे शर्ट, दोन पँटी आणि वर बॅग. जुना मी तिथं गठ्ठ्यानं पडला होता. ‘‘ताई, आनखी एक साडी टाका,’’ बोहारीण म्हणत होती, ‘‘ह्या बॅगंला कोन इचारतंय? ही ठेवा तुमच्यातच.’’ आणि तिनं ती पायानं अलगद बाजूला सारली. बाजूच्या कप्प्यात किल्ली खुळखुळली. १९ वर्षं जी बॅग मी जिवापाड वापरली, ती बोहारणीलासुद्धा नको होती, म्हणून आमची शाखा वाचली.

वाईला परतेपर्यंत पाऊण वाजला. वाटेत राजीनाम्याची दोन वाक्यं जुळवली होती. आत शिरलो तर पायरी मोकळी, खुर्च्या मोकळ्या, पंखे संथ फिरतायत. हेड कॅशियरबाईंनी पेठेतल्या किराणा व्यापाऱ्यांना आणि पेट्रोल पंपाला फोन करून सकाळीच भरणा आणायला लावला होता, आणि त्या रकमेतून पेन्शन वाटून संपलंसुद्धा होतं. शिपाईमामांनी रांगेला चहा पाजला होता. शाखेतल्या नव्या, पोरगेल्या अधिकाऱ्यानं महिनाभर पडून असलेल्या केवायसीच्या फायलीही हातावेगळ्या केल्या होत्या. ‘‘आज भराभर झालं, साहेब,’’ तो उत्साहानं म्हणाला आणि मग माझ्या हातातली बॅग बघून गप्प झाला.

केबिनमध्ये बसून मी लोणावळ्याची वही काढली. कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९च्या सुमारास आयोवात दहा-दहा वर्षांच्या मुलांना मुखवटे करायला बसवून तीन तऱ्हेचे म्होरके दिले होते. हुकूम सोडणारा खोलीबाहेर गेला, की काम थंडावायचं. सर्वांना विचारून करणारा गेला, तरी काम चालू राहायचं. तिसरा नुसता सैल सोडणारा. तो बाहेर गेला, की काम वाढायचं. शिबिरात ही ओळ मी झोपेत लिहिली असावी, अक्षर पार उतरलं होतं. पण वाचता आली.

परवा वर्षभरानं उजळणीसाठी पुन्हा लोणावळा झालं. मुलगा तोच, माइक तोच, खिडकी तीच. शाखेतल्या सहा जणांच्या याद्या शिबिरवाल्यांनी यंदा परस्पर मागवल्या होत्या. मी जुनी बॅग मांडीवर घेऊन पेन उघडलं, ५६ विशेषणांवरून एकदा नजर फिरवली आणि सगळ्यांत आधी ‘बावळट’वर खूण केली. सहाही जणांनी पुन्हा तीच केली होती. त्यामुळे ते विशेषण दुसऱ्या चौकटीतून उचलून पहिलीत ठेवावं लागलं.

मुलानं फळ्यावर माझी पहिली चौकट खडूनं मोठी करून दाखवली आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मुख्य कार्यालयाला गेलेल्या अहवालात माझ्या नावापुढे ‘लक्षणीय वाढ’ असा शेरा आहे.