मुखपृष्ठ फुकटात: चिटणिसांसाठी सहा नियम

राणी लक्ष्मीबाईंची समाधी ग्वाल्हेरच्या फूलबागेत. तेव्हा त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त दर जूनला आमच्या मंडळाची स्मरणिका निघणार आणि तिच्या मुखपृष्ठावर घोड्यावरची राणी असणार, हे ठरलेलंच. चित्रकार पैसे मागतो. चित्र काढून देणारं एआय-यंत्र मागत नाही. सबब आमच्या चिटणीससाहेबांची कार्यपद्धती लोकहितार्थ देत आहे.

१. आधी अंदाजपत्रक. शाली, श्रीफळं, हारतुरे, पाहुण्यांचं जेवण यांत काटछाट संभवत नाही. चित्राचं मानधन तेवढं कापता येतं. शून्य हा आकडा सभेत नेहमी एकमताने मंजूर होतो.

२. यंत्राला आज्ञा करावी: ‘झाशीची राणी, घोडा, तलवार.’ सिनेमातली नायिका हजर होईल. नऊवारी मागावी, कासोटा येईलच असं नाही. नथ डाव्या नाकपुडीत आहे का ते पाहावं. मग घोड्याचे पाय मोजावेत, मुठीवरची बोटं मोजावीत, आणि बेरीज जुळेपर्यंत पुन्हा आज्ञा करावी. यात रविवार जातो. रविवारचे पैसे धरायचे नसतात.

३. मागे किल्ला हवाच. यंत्र बहुधा राजस्थानातला देईल. आपल्या किल्ल्यातल्या मानमंदिराच्या भिंतींवर निळ्या फरशांचे पट्टे आहेत, त्यांत बदकं आहेत, केळीची झाडं आहेत. पण हे सांगायला आधी मान वर करून ती भिंत बघितलेली असावी लागते.

४. ‘स्मरणिका’ हा शब्द यंत्राकडून लिहवून घेऊ नये. वेलांटी कुठे जाईल सांगता येत नाही.

५. छापखानेवाला कुरकुर करील. त्याचं ऐकावं. १०२४ पिक्सेलचा चौकोन ३०० डीपीआयला जेमतेम साडेतीन इंच छापतो. तोच ए-फोरवर ताणला की चेहरा पुसट होतो. पडद्यावरचा झगझगीत भगवा चार शाईंत मळकट उतरतो, ते वेगळंच.

६. चित्रकाराकडे चुकूनही जाऊ नये. तो उलट विचारतो. आमचा पेंटर कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिल फिरवता फिरवता म्हणाला, “कोणत्या दिवसाची राणी हवी? पाठीशी मूल बांधलेली, ती झाशीहून निसटतानाची. इथे, जून १८५८च्या शेवटच्या लढाईत, त्या घोडेस्वाराच्या पोशाखात होत्या म्हणतात. मग नऊवारी काढू की अंगरखा?” चिटणीससाहेब गप्प. तोवर कागदावर घोड्याचे कान मागे पडले होते. बिथरलेल्या घोड्याचे पडतात तसे. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

यंत्राचा मोठा गुण म्हणजे ते काही विचारत नाही, आणि आमच्या मंडळाला नेमका तोच गुण आवडतो. राणीच्या नावाने वर्षातून एकदा अंक काढायचा आणि ती कोणत्या दिवसाची, एवढंही ठरवायचं नाही!

तेव्हा चिटणीससाहेब, यंदा दोन शाली कमी करा. पेंटरला निम्मे पैसे आगाऊ द्या. आणि काम एप्रिलमध्ये सांगा, सोळा जूनच्या रात्री नाही.