पॉलिशमग्न गृहस्थ

गोदाकाठच्या वाड्यांतील सागवानी खांबांचा ज्यांच्या पूर्वजांनी पाठ टेकण्यापलीकडे कधी उपयोग केला नाही, त्यांच्याच कुळात, सरकारी नोकरीतून सन्मानाने निवृत्त होऊन गंगापूर रोडवरील सदनिकेत स्थिरावलेला आणि लाकडाची कोणतीही वस्तू मूळ रंगात राहू देणे हा स्वकर्तृत्वाचा उपमर्द मानणारा एक गृहस्थ हल्ली हटकून निपजतो. पेन्शन सुरू होते न होते तोच जेल स्टेनचा डबा घरात येतो आणि पाटचौरंगांपासून दाराच्या चौकटीपर्यंत सर्वांवर जप्तीचा हुकूम सुटतो. (पोळपाटाला पत्नीने तहकुबी मिळवून दिलेली असते, दावा निकाली निघालेला नसतो.)

चपडी लाख स्पिरिटात विरघळवून बोळ्याने थरावर थर चढवणाऱ्या कारागिराविषयी त्याला अनुकंपा वाटते, कारण ते पॉलिश पावसाळी हवेत पांढुरके पडते. याउलट जेल दाट असल्यामुळे उभ्या फळीवरून ओघळत नाही, खोल न मुरता पृष्ठभागी राहतो आणि पाइनसारख्या कमीअधिक शोषणाऱ्या लाकडावरही सहसा चट्टे उमटू देत नाही, हे शास्त्र तो दूधवाल्यालादेखील ऐकवतो. शास्त्र निर्विवाद खरे आहे. परंतु जादा जेल फडक्याने पुसून काढावा आणि पुढील हातापूर्वी निदान दिवसभर, श्रावणात त्याहून अधिक, धीर धरावा, हे डब्यावरील फर्मान त्याला लागू नसते. त्यामुळे खुर्ची आषाढीला रंगते आणि गणपतीला आलेल्या व्याह्यांच्या धोतरावर आपली मोहोर उमटवते. तेव्हा गृहस्थ कळवळतो, पण खुर्चीसाठी. तेलकट फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात एवढी एकच सूचना मात्र तो निष्ठेने पाळतो आणि ती शेजारणीच्या पांढऱ्या साडीलगत सुटी वाळत घालतो.

त्याची महत्कृती म्हणजे सातपूरच्या एका कारखान्यातून भंगारात निघालेल्या परदेशी खोक्याच्या पाइनचे देवघर. तीन हात देऊनही त्यावरील ठसा लपला नाही, कारण स्टेन म्हणजे ऑइलपेंट नव्हे, आणि रंधा मारण्याची तजवीज त्याने कालापव्यय म्हणून फेटाळली होती. कीड मारण्यासाठी लाकूड तापवल्याची ती आंतरराष्ट्रीय निशाणी. तिच्यात गव्हाची ओंबी असते. वास्तविक गृहस्थ खजील व्हायचा, पण दर्शनाला आलेल्या आत्याबाईंनी ‘अन्नपूर्णेचं चिन्ह कोरून घेतलंस हो!’ म्हणत ओंबीला हळदकुंकू वाहिले, आणि त्याने विनयाने मान लववून मजुरी किती पडली असती तेही सांगितले.