वसुलीकाकांची दिवाळी

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की आमच्या सोसायटीतली काही दारं वाजवली तरी उघडत नाहीत. आधी भिंगातून बघितलं जातं. बाहेर पांढरा झब्बा, काखेत लांबट हिशेबाची वही आणि खिशाला दोन पेनं दिसली, की आतला कर्ता पुरुष तडक आंघोळीला जातो, मग संध्याकाळचे सात का वाजलेले असेनात. बाहेर वसुलीकाका शांतपणे उभे असतात. बँकेच्या नोकरीत त्यांनी लोकांच्या आंघोळी संपायची वाट इतकी बघितली आहे, की त्यांना घाई नसते.

खरं नाव खाली पाटीवर आहे, पण ते टपालवाल्याशिवाय कुणी वाचत नाही. उभी हयात काकांनी एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात काढली. रिक्षावाला, गिरणीवाला, शिलाई मशीन घेतलेली बाई, कुणाचाही हप्ता चुकला की काका दारात हजर. मोठे थकबाकीदार तेवढे संचालकांच्या शेजारी बसून चहा घेत, आणि तो चहा काकांनीच सांगायचा असे. निवृत्तीनंतर काकांनी धंदा सोडला नाही, नुसती बाजू बदलली. आता ते छोट्यांच्या वतीनं मोठ्यांकडं वसुलीला जातात. त्यासाठी हंगाम दिवाळीचा. ‘एरवी माणूस पैसे धरून बसतो,’ काका म्हणतात, ‘दिवाळीत तो उडवणारच असतो. कुणाच्या अंगणात उडवायचे, तेवढंच सांगावं लागतं.’

त्यांचं पहिलं भाषण कोजागरीला होतं. गच्चीवर दूध आटत असतं, माणसं चंद्राकडं बघत असतात, आणि काका अनारशांवर बोलायला उठतात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं. मग ते निथळायचे, सावलीत सुकवायचे, दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं. ‘आणि तुम्ही,’ इथं काका पहिल्या विंगेकडं बघतात, ‘धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी फोन करून चार डझन मागता. कुठून देणार ती बाई?’

ती बाई म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीत बचत गट चालवणाऱ्या ताई. दिवाळीत त्यांचा गट फराळ करतो. काकांनी एकदा त्यांचा हिशेब बघितला आणि त्यांची झोप उडाली. डाळ, तांदूळ, खोबरं, तेलाचे डबे वाण्याकडून उधारीवर. गॅस रोखीनं. तयार फराळ सोसायट्यांना पुन्हा उधारीवर, ‘ताई, भाऊबीज झाली की देते हं.’ भाऊबीज होते, शाळा सुरू होतात, तुळशीची लग्नं लागतात, आणि वाणी ताईंच्या दारात उभा राहतो. ‘म्हणजे फराळ तुमचा आणि कर्ज तिचं,’ काका म्हणाले, ‘बँकेत याला आम्ही बिनव्याजी, बिनतारण, बिनमुदत कर्ज म्हणत होतो. ते फक्त संचालकांना मिळायचं.’

तेव्हापासून नियम ठरला. मागणी कोजागरीच्या आठवड्यात, निम्मे पैसे तेव्हाच, निम्मे डबा हातात पडताना. घासाघीस नाही. कुणी तरी कुरकुरलं, की पूना मर्चंट्स चेंबरचे लाडू-चिवडा त्याहून स्वस्त पडतात. काका मुळीच चिडले नाहीत. ‘जरूर घ्या. रास्त भावातला लाडू खाणं हा तुमचा हक्कच आहे. पण तिथं तुम्ही रांगेत उभे राहून रोख मोजता. इथं घरपोच घेता, खुर्चीत बसून, आणि वर उधारी.’ कुरकुरणाऱ्यानं मुकाट्यानं आगाऊ रक्कम भरली आणि चेंबरचे लाडूही आणले. त्याला मधुमेह आहे.

पहिल्या वर्षी काका गटाच्या स्वयंपाकघरात ‘प्रोत्साहन’ द्यायला गेले होते. मोहन किती घातलं, भाजणीत धने किती, तेल तापलं हे कळतं कसं, असं विचारत त्यांनी शंकरपाळ्यांचा एक अख्खा घाणा करपवला. ताई शहाण्या. काका दुसऱ्या दिवशी दिसताच त्यांनी त्यांच्या हातात सोऱ्या दिला. चकली पाडताना दम तोंडाकडून दंडाकडं जातो आणि माणूस आपोआप गप्प होतो. आता दरवर्षी दोन दिवस ते तिथं चकल्या पाडतात. काटा सुरेख येतो, हे मी खाऊन सांगतोय. ताईंना विचारलं, काकांचा त्रास होत नाही का? त्या म्हणाल्या, ‘तोंड लई चालतंय त्यांचं. पण पैसा येळेवर. गोड बोलणारी गिऱ्हाइकं काय कमी हायेत व्हय? ती दिवाळी झाल्यावर फोन उचलत न्हाईत.’

पणत्यांच्या बाबतीत मात्र काकांना एकदा जशास तसं भेटलं. मंडईच्या बाजूला फूटपाथवर एक मावशी पोतं अंथरून बसतात. काकांनी एक पणती उचलली, नखानं वाजवली, कानाशी नेली.

‘ओ काका, माठ न्हवं त्यो वाजवून घ्यायला.’

‘चाकावरची आहे की साच्यातली?’

‘तुमास्नी कंची पायजे?’

‘मला स्थानिक पाहिजे.’

‘स्थानिकच हाय की.’

‘कुठली?’

‘कुंभारवाड्यातली.’

‘कुंभारवाड्यात कुठून आली?’

‘टेंपोतनं.’

‘अहो, टेंपो कुठून आला?’

‘आता टेंपोचं गाव म्या कशाला इचारू? तुमचं गाव कंचं?’

‘सांगली.’

‘मंग तुमी तरी कुठं स्थानिक?’

आजूबाजूची दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. गुजरातेतून खोक्यांनी पणत्या येतात हे काकांना ठाऊक होतं, पण आपणही तशाच खोक्यातून पुण्यात उतरलो, हा हिशेब त्यांच्या वहीत नव्हता. ते थोडा वेळ फूटपाथच्या कडेला उभे राहिले. मग त्यांनी वही उघडून नोंद केली : ‘माती परगावची, पोट गावातलं. मंजूर.’ आणि सहा डझन पणत्या घेतल्या. सुट्टे नव्हते, तर राहिलेल्या पैशांची बोळकी घेतली. घरी बोळक्यांची आता एक उतरंड झाली आहे.

झेंडूचं त्यांचं गणित आणखी उफराटं. सकाळी चढा भाव असलेला झेंडू संध्याकाळी कुणी विचारत नाही, आणि विकला नाही तर शेतकरी तो तिथंच टाकून टेंपो रिकामा करून घरी जातो. म्हणून काका मुद्दाम संध्याकाळी जातात आणि सकाळच्या भावानं घेतात. विकणाऱ्याला आधी हा काही तरी फसवणुकीचा प्रकार वाटतो. एका वर्षी एकानं नोटा उजेडात धरून तपासल्या होत्या. परिणाम असा, की लक्ष्मीपूजनाच्या रात्री काकांकडं पाच-सहा किलो फुलं उरतात आणि मग तोरण लागत नाही अशी जागा सोसायटीत राहत नाही. लिफ्टला लागतं, पाण्याच्या पंपाला लागतं, बंद पडलेल्या सीसीटीव्हीलाही लागतं.

केरसुणीचा आग्रह ते घरोघर धरतात. लक्ष्मी म्हणून तिला हळदकुंकू वाहायचं, तर ती शिंदीच्या पानांची, हातानं बांधलेलीच पाहिजे. सगळे घेतात. पूजा होते. दुसऱ्या दिवशी केरसुणी कपाटामागं जाते आणि व्हॅक्यूम क्लीनर बाहेर येतो. काकांना हे माहीत आहे. बांधणाऱ्याला पैसे पोचले, खातं त्यांच्या लेखी बंद झालं.

फटाक्यांत मात्र ते पार फसले. फुटल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज नको, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिवाळीत फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढाच वेळ दिला आणि लांबलचक माळांवर बंदी घातली. काकांनी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं, शिंप्याकडून टेप आणला, आणि अंगणात खडूनं चार मीटरची रेघ मारून ते उभे राहिले. पोरांना वाटलं, स्पर्धा आहे. ‘काका, माझा किती आला?’ ‘एकशे अठरा.’ ‘आणि याचा?’ ‘एकशे एकवीस.’ पहिला पोरगा धावत जाऊन मोठा बॉम्ब घेऊन आला. त्या वर्षीइतका आवाज आमच्या सोसायटीत आधी कधी झाला नव्हता, आणि त्याचा आकडेवार तक्ता नोटीस बोर्डावर लागला होता. पुढल्या वर्षी काकांनी टेप शिंप्याला परत केला आणि किल्ल्यांची स्पर्धा घेतली. मातीचे मावळे त्याच मावशींकडून, रोखीनं.

दिवाळी अंकांवर त्यांचं एक छोटं प्रवचन ठरलेलं आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथपासून ते सुरू होतं आणि ‘तेव्हाही लोक शेजाऱ्याचाच मागून वाचत असणार,’ इथं संपतं. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून अंक विकत घ्या, असा आग्रह. शिवाय गल्लीतलं वाचनालय बंद पडू नये म्हणून तिथली दिवाळी अंक योजनाही घ्या. काका दोन्ही करतात. तेच अंक दोन-दोनदा घरात येतात, आणि वाचतात काकू. काकांना सवड कुठली?

खरी गंमत वॉचमनच्या बोनसची. वर्षानुवर्षं आम्ही त्याला भाऊबीजेला पाकीट द्यायचो आणि फार मोठं काही केल्यासारखे चेहरे करायचो. काकांनी पहिल्यांदा त्याला विचारलं, बाबा रे, तुझा सण कुठला? तो बिहारचा. त्याचा सण छठ, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. गाडीची तिकिटं त्याच्या कितीतरी आधी काढावी लागतात. म्हणजे आमचं पाकीट हातात पडेपर्यंत गाडी कधीच भरलेली असायची, आणि त्याची छठ आमच्या फाटकावरच व्हायची. त्या वर्षी काकांनी दसऱ्याआधीच घरोघर फिरून बोनस गोळा केला. काही दारं आंघोळीला गेली, पण आलीही बाहेर, किती वेळ आत राहणार? वॉचमन गावी गेला. फाटकावर मग काका बसले. आपल्याच घरी येणाऱ्यांचीही त्यांनी नोंद केली : नाव, वेळ, ‘कोणाकडे’, ‘कामाचे स्वरूप’. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबुवांनी ‘स्वतःकडे’ असं लिहिलं आणि कामाच्या स्वरूपात ‘झोप’. वॉचमन परतला तेव्हा त्याचं स्वागत अख्ख्या सोसायटीनं टाळ्या वाजवून केलं. त्यानं छठच्या प्रसादाचे ठेकुए आणले होते. काकांनी ते वाटले आणि घेणाऱ्यांच्या सह्या घेतल्या.

कचरा नेणाऱ्या ताईंच्या पाडव्याच्या सुट्टीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो दिवस आठवावासा वाटत नाही. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, त्यातूनच पुढं ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली, हे काकांनी आम्हाला बसवून सांगितलं. मग विचारलं, की पाडव्याला तुम्ही बायकोला ओवाळणी घालत असता, तेव्हा ती तुमची केळीची पानं उचलत असते, तिला कोण ओवाळणार? कुणाला उत्तर सुचेना. ठराव पास झाला : पाडव्याचा कचरा आपापल्या घरात. दिवाळीतल्या कचऱ्याला काय वास येतो, हे आमच्यातल्या कित्येकांना तेव्हा प्रथम समजलं. दुसऱ्या दिवशी ताई आल्या तर चार माणसं बादल्या घेऊन जिन्यात उभी होती, आणि प्रत्येकाचा ओला-सुका कचरा वेगळा केलेला होता. इतकं वर्गीकरण पालिकेच्या कुठल्याच दंडानं आमच्याकडून झालं नव्हतं.

आता त्यांच्या बहिणीबद्दल. ती नारायण पेठेत राहते आणि तिचं तोंड काकांपेक्षा बारीक असलं तरी धार त्यांच्याहून जास्त आहे. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेली संस्था मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबीज निधी गोळा करते. एका वर्षी काकांनी ओवाळणीची सगळी रक्कम बहिणीच्या नावानं तिथं दिली आणि तबकात पावती ठेवली. बहिणीनं पावती उलटसुलट बघितली. ‘दादा, पावती छान आहे. पाकीट कुठंय?’

‘हेच पाकीट. चार मुलींची वह्या-पुस्तकं होतील.’

‘बरं,’ ती म्हणाली, आणि पुढं काही बोलली नाही. काकांना वाटलं, पटलं.

पुढल्या भाऊबीजेला काकांची स्कूटर बंद होती म्हणून मी त्यांना सोडायला गेलो, आणि मलाही पानावर बसवलं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर. बासुंदीचा वास जिन्यापर्यंत येत होता. माझी वाटी काठोकाठ भरली. काकांची वाटी पानात होती, पण कोरडी.

‘बासुंदी?’ काकांनी विचारलं.

‘तुझ्या नावानं अन्नछत्रात दिली,’ बहीण म्हणाली, ‘चार पोरांची तोंडं गोड होतील.’

काकांनी रिकाम्या वाटीकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. थकबाकीदारानं उलट नोटीस बजावल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं.

‘पावती माझ्या नावानं फाडलीस ना? ऐंशी-जीला लागेल.’

आणि त्यांची नजर माझ्या वाटीकडं वळते आहे असं दिसताच मी ती तोंडाला लावली.