सूनबाईंच्या शनिवारचा सविस्तर खुलासा

स्लाऊ, इंग्लंड

ती. आजींच्या सेवेशी, सा. न. वि. वि.

मुलांना घरी ठेवून, एकटीने आणि काहीही काम नसताना घराबाहेर काढलेला दिवस म्हणजे आईची सुट्टी. यातले ‘काहीही काम नसताना’ हे कलम सर्वांत अवघड. मुले झोपली असताना धावत जाऊन दूध आणणे सुट्टीत मोजत नाहीत. स्लाऊच्या घरात अशी सुट्टी गेल्या शनिवारी झाली. त्याच दुपारी, म्हणजे धारूरला दिवेलागण होत असताना, आजींचा व्हिडिओ कॉल आला. “सूनबाई कुठं गेली?” याला “लंडनला” आणि “कशाला?” याला “उगीच” अशी उत्तरे मुलांच्या वडिलांनी दिली. उत्तरे खरी होती, पण त्यांनी व्हायचे ते नुकसान केले. रात्रीपर्यंत सून रुसून गेल्याची बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोचल्याचे समजते. रुसून जायला माहेर हाताशी लागते. सूनबाईंचे माहेर माजलगावला, आणि तिथवरचे विमानाचे तिकीट परवडायचे तर महिनाभर आधी काढावे लागते. तोवर कोणाचाही राग टिकत नाही. तेव्हा बातमी निराधार आहे. पुढील माहिती गल्लीत वाचून दाखवायला हरकत नाही.

धारूरमध्ये बाईमाणूस एकटे बाहेर पडते ते कारण बरोबर घेऊनच. दवाखाना, बँक, लग्नाचा बस्ता, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू, अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे दर्शन अशी ही कारणे ठरलेली आहेत. त्यांत दर्शन सर्वांत सोयीचे. देवीला कशाला भेटलीस असे कोणी विचारत नाही, आणि परतताना बांगड्यांच्या दुकानात किती वेळ गेला हे देवी सांगत नाही. मोठे कारण मात्र पंचमीचे. श्रावण लागला की माहेरून मूळ यायचे, भाऊ दारात उभा राहायचा, आणि मग लिंबाच्या फांदीला झोका, रात्री फेर, आणि चार दिवस आयती भाकरी. मराठवाड्यात पंचमीचा थाट दिवाळीला मागे टाकतो, तो नागोबामुळे किती आणि आयत्या भाकरीमुळे किती, हे सासुरवाशिणींनाच विचारलेले बरे.

मुलांचा प्रश्न तेव्हा फारसा उभाच राहत नसे. मूल कोणाच्या ओट्यावर खेळले, कोणाकडे जेवले आणि कोणाचा धपाटा खाऊन घरी आले, याचा हिशेब संध्याकाळी लागायचा, आणि तो नेहमी जुळायचा. भाड्याचाही प्रश्न आता उरलेला नाही. एसटीने १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे भाडे केले. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासून होतेच. त्यामुळे आज धारूरचा घाट उतरून तेलगावमार्गे माजलगावला जाताना आई आणि लेक एकाच भावात जातात, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी २०२२ पासून फुकट. कारण तेवढे अजून पूर्ण भाड्याचे लागते.

धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या कितीतरी आयांना मुलांशिवाय महिनेच्या महिने काढावे लागतात, आणि ती सुट्टी नसते. दिवाळीनंतर ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. तो कोयता पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर जातो. मुले बरोबर गेली नाहीत तर आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. हे इथे नोंदवण्याचे कारण एवढेच, की स्लाऊच्या शनिवारचे कौतुक बेताचे राहावे.

स्लाऊमध्ये परिस्थिती धारूरच्या नेमकी उलटी आहे. बाई कशाला निघाली हे कोणी विचारत नाही. शेजारी हवेविषयी दोन शब्द बोलून दार लावून घेतात. पण मूल ठेवायला ओटा नाही. मुलाला घरी एकटे ठेवण्याचे वय इंग्लंडच्या कायद्यात कुठेच लिहिलेले नाही, मात्र मुलाला धोका होईल अशा रीतीने ठेवले तर तो गुन्हा. म्हणजे जबाबदारी पूर्ण आईबापांची आणि वयाचा अंदाजही त्यांचाच. धारूरमध्ये हा अंदाज आख्खी गल्ली मिळून करते, आणि चुकला तर दोष सुनेचा असतो, हा भाग वेगळा.

सुट्टी हा प्रकार इंग्रजांना जन्मापासून ठाऊक होता अशातलाही भाग नाही. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात, चौथ्या रविवारी, मदर्स डे येतो. आता त्या दिवशी आईला फुले देतात आणि हॉटेलात टेबल मिळत नाही. जुनी चाल निराळी होती. मोठ्या घरांत राबणाऱ्या कोवळ्या वयाच्या मोलकरणींना त्या दिवशी सुट्टी मिळे. त्या आपल्या गावच्या चर्चला आणि आईला भेटायला जात, वाटेत रानफुले तोडत, आणि मालकीण भली असेल तर केकही बरोबर देई. ही साहेबाची पंचमीच झाली. भाऊ न्यायला येत नसे, एवढाच फरक. त्यांनाही कारण लागत होते, हे गल्लीला आवर्जून सांगावे.

आता प्रत्यक्ष शनिवार. सुट्टीची तयारी सुट्टीपेक्षा लांबते, हा या प्रकाराचा स्वभावच आहे. १६३१ मध्ये मोगलांच्या आझमखानाने धारूरचा किल्ला घेतला, तेव्हा आतल्या किल्लेदाराने त्याला कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते हे लिहून दिले असेल असे वाटत नाही. स्लाऊच्या घराचा ताबा एका दिवसापुरता देताना मात्र फ्रिजवर दोन पानांचा कागद चिकटवावा लागला. त्यातल्या काही सूचना अशा: धाकटीला निळ्या पेल्यात दूध दिले तर ती पीत नाही, आणि लाल पेला तिला दिला तर थोरला पीत नाही. थोरला ‘मला काही नको’ म्हणाला तर त्याला शू लागलेली असते. पोहण्याच्या पिशवीत टॉवेल आहे असे वाटते, पण तो गेल्या आठवड्याचा ओला आहे. वडिलांनी कागद उभ्या उभ्या वाचला आणि “हे सगळं मला माहीत आहे” असे सांगितले.

दाराबाहेर पडताच सूनबाईंना हात रिकामे वाटू लागले, म्हणून त्यांनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. रस्ता ओलांडताना डावा हात आपोआप मागे गेला आणि थोडा वेळ हवेत राहिला. स्टेशनवर फलाटावर त्यांनी सवयीने मोठ्याने विचारले, “कोणाला शू लागलीय का?” शेजारच्या बाकावरून एक पोक्त बाई मराठीत म्हणाल्या, “नाही, तुम्ही जाऊन या, मी आहे इथं.” आपले बोलणे परमुलखात कोणाला कळत नाही हा समज लंडनच्या आसपास धोक्याचा आहे. या शहरात महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. त्या बाई नांदेडच्या निघाल्या. पॅडिंग्टन येईपर्यंत काळ्या मसाल्यावर बोलणे झाले, आणि मुले कुठे आहेत हे त्यांनी एकदाही विचारले नाही. माणूस सज्जन असल्याची याहून मोठी खूण सूनबाईंना ठाऊक नाही.

जायचे ठिकाण साउथ केन्सिंग्टनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय होते. तिथे प्रवेश फुकट असतो, ही बाब आजींना आवडेल. याआधी चौघे जात तेव्हा एकच वाट ठरलेली: गोऱ्या शिपायाच्या छाताडावर बसलेला टिपू सुलतानाचा लाकडी वाघ, तिथून स्वच्छतागृह, तिथून दुकान, आणि दुकानातून रडारड. वाघाच्या पोटात बाजाची पेटी आहे आणि ती डरकाळी काढते, हे एकदा कळल्यापासून डरकाळ्या घरच्याच असतात. या खेपेस सूनबाईंनी रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभाची तिथली प्रतिकृती पाहिली. ती इतकी उंच आहे की छताखाली मावेना, म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभी केली आहे. तिच्यावरच्या चित्रमालेत सैनिक आहेत, नद्या आहेत, होड्या आहेत. सूनबाई खालच्या दोन वेढ्यांपर्यंत पोचल्या आणि थांबल्या. बाकी काय पाहिले, याचे उत्तर खुलाशात देणे भाग आहे म्हणून देत आहे: फारसे काही नाही.

कारण संग्रहालयाच्या मधोमध चौक आहे, आणि चौकात घोट्याएवढ्या पाण्याचे लंबगोल तळे आहे. उन्हाळ्यात त्यात मुले डुंबतात. सूनबाई काठावर बसल्या. एक मुलगा बुटांसकट पाण्यात शिरला. एका मुलीने भावाची टोपी बुडवून पुन्हा त्याच्याच डोक्यावर ठेवली. एक बाळ बसकण मारून पाण्यातच बसले, आणि त्याच्या आईच्या पिशवीत दुसरी चड्डी नाही हे सूनबाईंना पिशवीच्या आकारावरून लांबूनच कळले. पूर्वी अशा वेळी पोटात जे गलबलते ते काहीच झाले नाही. ओली झालेली सगळी मुले परक्यांची होती. सूनबाईंनी पिशवीतून धपाटा काढला, दह्याची डबी उघडली आणि पाय लांब करून तो पूर्ण खाल्ला. तुकडा कोणी मागितला नाही. दुपारचा बराचसा भाग अशा रीतीने इतरांची मुले भिजताना बघण्यात गेला, आणि दिवसातला तोच सर्वांत उत्तम भाग होता असे सूनबाईंचे म्हणणे आहे.

चहा नंतर झाला. संग्रहालयात उपाहारगृह काढण्याची कल्पना जगात प्रथम इथेच निघाली, असे ते लोक सांगतात. एकोणिसाव्या शतकातली दालने अजून वापरात आहेत, भिंतींना आणि खांबांना चिनी मातीच्या फरशा. एवढ्या राजवाड्यात चहा मात्र पिशवीचाच मिळतो. किंमत रुपयांत मोजून झाल्यावर सूनबाईंनी तो थेंबही न सांडता संपवला.

इकडे घरात काय झाले ते थोडक्यात. फोन वाजत राहिला. डाळवं कुठे आहे, हे विचारून झाले. ‘दुसऱ्या कप्प्यात, हिरव्या झाकणाच्या डब्यात’ असे उत्तर गेल्यावर मेथ्यांचा फोटो आला, मग पुन्हा मेथ्यांचाच. अखेर डाळव्याशिवाय सुशीला झाला. मुरमुरे भिजत ठेवून वडील कॉलवर आजींशी बोलत बसल्याने तो खिचडीसारखा झाला, आणि मुलांनी तो टोमॅटो सॉस घालून खाल्ला. धाकटी थोरल्याची चड्डी घालून पोहली. कोणाच्या लक्षात आले नाही. आत्याबाईंनी कॉलवर “बिचारा एकटा मुलं सांभाळतोय” असे म्हटल्याचे नोंदीत आहे. हीच मुले बाकीचे दिवस कोण सांभाळते, हा प्रश्न कॉलवर निघाला नाही.

सूनबाई ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी परतल्या. तळ्याकाठी ऊन गेले होते आणि करायला काही उरले नव्हते. सुट्टीची सवय नसली की ती लवकर संपते. दार उघडल्यावर मुले मान वर न करता खेळत राहिली. मग आई आल्याचे लक्षात येताच दोघांना एकाच क्षणी भूक, तहान आणि जुनी दुखापत आठवली. खाऊ म्हणून निम्मा स्कोन कागदी रुमालात गुंडाळून आणला होता. त्याचे दोन सारखे तुकडे झाले नाहीत, त्यावरून जे व्हायचे ते झाले.

खर्चाचा तपशील आजी विचारतीलच: रेल्वेचे जाण्या-येण्याचे भाडे, एक चहा, एक स्कोन. साडी घेतली नाही. दागिना घेतला नाही.

पुढची सुट्टी दसऱ्याच्या आसपास घ्यायचे घाटत आहे. त्या वेळी धारूरला आधी कळवले जाईल. गल्लीत कोणी विचारलेच, तर दाताच्या दवाखान्यात गेली आहे असे सांगावे, असे इथे सर्वानुमते ठरले आहे. दात कोणता हे विचारले तर डावीकडची वरची दाढ सांगावी, म्हणजे दोन्हीकडची उत्तरे जुळतील.

कळावे, लोभ असावा.

स्लाऊकर मंडळी